नव्या खिळ्यांचा गंज

सदर रुग्ण पुरुष असून विवाहित आहे. बांधा सडपातळ, वर्ण मध्यम, उंची बेताची. व्यवसाय: बैठे काम. व्यसन: नाही. हृदयातील एक झडप धातूची बसवण्यात आलेली असून तिचे कार्य समाधानकारक आहे. रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असून ते नियमित देखरेखीखाली दिले जात आहे. रुग्ण स्वभावाने मितभाषी असून विचारल्याखेरीज, व बहुधा विचारल्यावरही, काही सांगत नाही. तक्रार: नाही.

हे वर्णन इस्पितळाच्या पिवळ्या कार्डावर होतं. ज्याचं होतं त्याने ते एकदा उजेडात धरून वाचलं, पहिल्या वाक्याबद्दल आपला काही आक्षेप नाही असं मनाशी ठरवलं आणि कार्ड बायकोकडे परत दिलं.

'बैठे काम' हे बायकोने सांगितलं होतं, आणि ती अगदीच खोटं बोलली नव्हती. तो खुर्च्या आणि सोफे मढवायचा. लोकांना नीट बसता यावं म्हणून तो दिवसभर ओणवा, गुडघ्यावर, नाहीतर उलट्या सोफ्याच्या पोटात डोकं घालून असे. दुकानात बसायच्या वस्तू भरपूर होत्या. पण एक तर त्यांना बूड नसे, नाहीतर त्या गिऱ्हाइकाच्या असत. खरं बसण्यासारखं एकच स्टूल होतं, शिलाई मशीनपुढचं, आणि त्यावर बायको बसे. ती गवसण्या शिवायची, तो ठोकायचा.

गल्लीत त्याला मौनी म्हणत. त्याचं कारण अध्यात्मात नव्हतं, खिळ्यांत होतं. मढवणाऱ्याला तीन हात लागतात: एका हाताने कापड ताणून धरायचं, दुसऱ्यात हातोडी, आणि खिळा धरायला तिसरा. तो तिसरा हात म्हणजे तोंड. सकाळी दुकान उघडलं की तो मूठभर बारीक खिळे तोंडात टाके. जिभेने एकेक खिळा फिरवून डोक्याच्या बाजूने ओठांवर आणायचा, हातोडीच्या चुंबकी टोकाने तो उचलायचा आणि ठोकायचा. हे इतक्या झपाट्याने चाले की नवं गिऱ्हाईक येण्याचं कारण विसरून बघत उभं राही. तोंड रिकामं झालं की दुसरी मूठ. अशा तोंडाने माणूस बोलू शकत नाही. तो फक्त "हं" म्हणू शकतो. मौनीकडे या 'हं'चे बरेच प्रकार होते, आणि त्या सगळ्यांचा अर्थ आपल्याला कळतो अशी बायकोची खात्री होती.

"हा सोफा आमच्या आजोबांचा," गिऱ्हाईक म्हणे. "इतकी वर्षं झाली, पण हललेला नाही."

'आजोबा बसले नसतील कधी,' मौनी मनात म्हणे. तोंडाने म्हणे, "हं."

"ते म्हणताहेत, लाकूड छान आहे," बायको सांगे. "स्प्रिंगा मात्र सगळ्या बदलाव्या लागतील."

स्प्रिंगांचं तो काही म्हणालेला नसे. पण त्या बदलाव्या लागतच. असा संसार चालला होता. मौनीच्या डोक्यात दिवसभर गप्पा रंगलेल्या असत, कोट्या होत, समोरच्याचं बोलणं तिथल्या तिथे खोडून निघे. संध्याकाळी खिळे डबीत ओतले की बोलायला तोंड मोकळं होई, पण तोवर विषय जुने झालेले असत आणि जबडा दमलेला असे. शिवाय कुणी काही विचारलं की तो पहिलं अक्षर जुळवेपर्यंत बायकोचं उत्तर पूर्ण झालेलं असे. इस्पितळातही तेच झालं. झडपेच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी विचारलेल्या सगळ्या प्रश्नांना तिने चोख उत्तरं दिली. छातीत कसं दुखतं हेसुद्धा तिनेच सांगितलं, आणि मौनी ऐकत राहिला, कारण त्याच्याच्याने ते इतकं छान सांगवलं नसतं.

झडप बसली. शांत खोलीत ती टिकटिक वाजे. बायको म्हणे, "बरं झालं, घड्याळाला किल्ली द्यायला नको."

झडपेबरोबर गोळी आली. घरी सोडताना सिस्टरांनी दोघांना समोर बसवून समजावलं होतं, की ही गोळी रक्त पातळ ठेवते. कमी पडली तर धातूच्या झडपेवर गुठळी धरेल, जास्त झाली तर रक्त वाहताना थांबायचं विसरेल. मधली वाट अरुंद आहे आणि ती डोळ्यांना दिसत नाही. दर महिन्याला रक्त तपासलं तरच कळते. "हयगय करायची नाही, काका," सिस्टर म्हणाल्या. सुरुवातीला त्या स्वतः फोन करत. "आकडा जरा वर गेलाय, दोन दिवस अर्धीच घ्या." मौनी अर्धी घेई. "आता पुन्हा पूर्ण." मौनी पूर्ण घेई.

मग सिस्टरांची दुसऱ्या विभागात बदली झाली. त्यांची खुर्ची तिथेच राहिली. ती डाव्या बाजूला खचलेली आहे हे मौनीने पाहून ठेवलं होतं. फोन मात्र सिस्टरांबरोबर गेले. खुर्ची मिळाली म्हणून फोन करायचं काम कुणी अंगावर घेतलं नाही.

यापुढचं सगळं रीतसर झालं. मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे झडप बसवणाऱ्यांनी, कागदावर लिहिलं की पुढील देखरेख घरच्या डॉक्टरांकडे. घरचे डॉक्टर भला माणूस, त्यांनी कागद आदराने वाचला आणि म्हणाले, "मोठ्यांच्या गोळीला मी हात लावत नाही, हं. ते बघतात ना?" बायको म्हणाली, "बघतात." औषधवाला जुनी चिठ्ठी पाहून गोळ्या देत राहिला. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या मुलाने सांगितलं, की काही गडबड असेल तर फोन येईल. कार्डावर नंबर होता तो दुकानातल्या जुन्या फोनचा. तो फोन केव्हाच बंद पडून भंगारात गेला होता.

फोन आला नाही. मौनीने त्याचा अर्थ असा लावला की सगळं ठीक आहे. यात त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. काम नीट चाललं असेल तर माणूस बोलत नाही, हा त्याचा आयुष्यभराचा अनुभव होता, आणि गप्प बसणाऱ्या लोकांबद्दल त्याला पहिल्यापासून आदर होता. एक महिना रक्त द्यायला जायचं राहिलं. तेव्हाही कुणी काही बोललं नाही, म्हणून पुढचाही राहिला. गोळी मात्र तो रात्री जेवणानंतर न चुकता घेई. औषधाच्या बाबतीत तो नियमित होता. देखरेख कुणाचीच नव्हती.

आणि रक्त हळूहळू पातळ होत चाललं होतं.

आधी दंडावर निळे डाग उठले. सोफ्याचा हात लागला असेल. मग मांडीवर एक उठला, तळहाताएवढा. मौनीने दुपारी पँट वर करून बायकोला तो दाखवला आणि तोंडातल्या खिळ्यांतून म्हणाला, "हं?"

"लागलंय कुठेतरी," ती म्हणाली. "तुम्हाला कधी कळतं काय लागलं ते? परवा बोटात सुई घेऊन हिंडत होतात."

मग दाढी करताना हनुवटीला ओरखडा निघाला आणि तो दुपारपर्यंत ओला राहिला. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं. याचं मात्र कुणालाच नवल वाटलं नाही. जो माणूस सकाळ-संध्याकाळ तोंडात लोखंड घोळवतो, त्याच्या हिरड्यांतून रक्त नाही येणार तर काय येणार?

दातांच्या डॉक्टरीणबाईंनाही तसंच वाटलं.

"तोंडात काय धरता म्हणालात?"

"खिळे," बायको म्हणाली.

"लोखंडी?"

"नाही हो, गोड असतात."

डॉक्टरीणबाई हसल्या, मग गंभीर झाल्या. त्यांच्या इतक्या वर्षांत असं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. समोरच्या दातांना खिळ्यांच्या दांड्यांनी पडलेल्या बारीक खाचा त्यांनी आरशात मौनीलाही दाखवल्या, शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याला बोलावून त्यालाही दाखवल्या. "आणि गिळला गेला एखादा तर?" "झोपेत घेत नाहीत," बायकोने सांगितलं. इतर काही औषधं चालू आहेत का, हेही त्यांनी विचारलं. "हृदयाची एक गोळी आहे रोजची," बायको म्हणाली. "तिकडे डॉक्टर बघतात."

डॉक्टर बघतात म्हटल्यावर पुढे विचारण्यासारखं काही उरलं नाही. मौनीला तेव्हा दंडावरच्या डागांचं सांगायचं होतं. त्याने तोंड उघडलं. डॉक्टरीणबाईंनी त्यात आरसा घातला. हिरड्या सुजल्या होत्या म्हणून त्यांनी जंतूंवरच्या गोळ्या दिल्या आणि दुखलं तर घ्यायला आणखी एक. खिळे बंद करा, असंही सांगितलं. त्यांनी दिलेल्या दोन्ही गोळ्या जुन्या गोळीचा जोर वाढवतात, हे मौनीला ठाऊक असायचं कारण नव्हतं. खिळे बंद झाले नाहीत. गोळ्या त्याने सगळ्या घेतल्या.

त्याच सुमारास गंजाचं प्रकरण निघालं.

आतापर्यंत कामं गडद होती, चॉकलेटी रेक्झिन, काळं, मरून. मग एका घरच्या जेवणाच्या खुर्च्या आल्या, आणि त्यांना कापड होतं दुधाळ पांढरं. मौनीने पहिली खुर्ची ठोकून उलटी केली, सुलटी केली, आणि थांबला. काठाने प्रत्येक खिळ्याभोवती एकेक तांबूस ठिपका होता. रांगेत, सारख्या अंतरावर, मुद्दाम नक्षी काढल्यासारखा. त्याने बोट ओलं करून पुसलं, तो ठिपका पसरला.

"गंज!" बायको म्हणाली. "तरी मी म्हणत होते, तो खिळेवाला आजकाल हलका माल देतो."

खिळेवाला समोरच्याच फुटपाथवर होता. दोघं नवरा-बायको खुर्ची उचलून त्याच्या दुकानात गेली.

"वहिनी, पेटी तुमच्यासमोर फोडलीय. सील होतं तिला."

"हं," मौनी म्हणाला.

"काय म्हणाले?"

"ते म्हणाले, सील काय, गंजक्या पेटीलाही लावता येतं."

मौनी असं म्हणाला नव्हता, पण वाक्य त्याला आवडलं. खिळेवाल्याला ते लागलं. त्याने त्याच पेटीतले मूठभर खिळे काचेच्या पेल्यात टाकले, वर पाणी ओतलं आणि पेला गल्ल्यावर ठेवून दिला. "गंजले तर दुकान बंद करीन," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत तो दोन दिवस पेल्याची राखण करत बसला. तिसऱ्या सकाळी पेला हातात धरून रस्ता ओलांडून आला. पाणी स्वच्छ होतं. खिळे चांदीसारखे चमकत होते.

"बघा. आता बोला."

तिघांनी पेला उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिला. खिळे निर्दोष होते. यावरून तिघांनी विचारपूर्वक असा निष्कर्ष काढला की कापडात खोट आहे.

मौनीला आत कुठेतरी पटलं नाही. पेल्यातले खिळे आणि ठोकलेले खिळे यांत एकच फरक होता. ठोकलेले त्याच्या तोंडातून गेले होते. हा विचार त्याच्या मनात आला आणि तो ठोकायचं थांबला. थुंकून पाहावं म्हणून मोरीपर्यंत गेला. तेवढ्यात बायकोने हाक मारली, की इस्पितळातून माणूस आलाय, मोठं काम आहे.

काम हृदयविभागातलंच होतं. तिथल्या रुग्णांना बसायचा लांब बाक भिंतीतच जडलेला. दुकानात आणणं शक्य नव्हतं, तिथेच जाऊन मढवायचा होता. कापड व्यवस्थापनाने निवडलं होतं, सायीच्या रंगाचं, रुग्णांना प्रसन्न वाटावं म्हणून. काउंटरवरच्या बाईंनी दोघांना ओळखलं नाही. सिस्टरांचे फोन बंद झाले तेव्हा बायकोने याच बाईंकडे मोठ्या डॉक्टरांची वेळ मागितली होती, आणि त्यांनी मान वर न करता इतकी लांबची तारीख दिली होती की बायकोने ती लिहूनही घेतली नव्हती. आता त्याच बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी या. लवकर या. सरांना बाक लगेच हवाय."

बाक मढवायला घेतला तेव्हा अर्ध्या बाकावर रुग्ण बसले होते आणि अर्ध्यावर मौनी. जुनं कापड निघालं, खालचे पट्टे आवळून झाले, फोम बसला. बायकोने शिवून आणलेली गवसणी चढवली. मौनीने खिळे तोंडात टाकले आणि कामाला लागला. त्याचं डोकं आदल्या दिवसापासून ठणकत होतं, पण हात चालत होते. शेजारच्या एक आजी त्याच्याकडे कौतुकाने बघत होत्या. पहिली बाजू संपत आली तेव्हा त्या वाकून म्हणाल्या, "हे लाल टिपके डिझाइनचे आहेत का हो?"

काउंटरवरच्या बाईंनी मान वर केली.

त्या उठल्या, आल्या, वाकल्या आणि तशाच आत गेल्या. मोठे डॉक्टर तपासत असलेला रुग्ण अर्धवट सोडून बाहेर आले. मौनीच्या रक्ताकडे कित्येक महिन्यांत कुणी पाहिलं नव्हतं. बाकावरच्या डागाकडे पाहायला मात्र हे विभागप्रमुख स्वतः आले.

"हे काय आहे?"

"हं," मौनी म्हणाला.

"ते म्हणताहेत, खिळ्यांचा गंज आहे," बायको म्हणाली. "म्हणजे खिळ्यांचा नाही. कापडात खोट आहे."

डॉक्टरांनी एका ठिपक्यावर बोट दाबलं, वास घेतला. "हे रक्त आहे. कुणाचं?"

बाकावरच्या सगळ्यांनी आपापले हात उलटेसुलटे करून पाहिले.

डॉक्टर मौनीसमोर वाकले. "तोंड उघडा."

तोंड उघडायचं म्हणजे आधी रिकामं करायला हवं. मौनीने डावा तळहात हनुवटीखाली धरला आणि खिळे जिभेने एकेक करून बाहेर ढकलले. नवे कोरे खिळे, आणि प्रत्येकाच्या डोक्याला लाल. तळहात भरला. बायको कात्रीला लावायला आणलेली मशीनच्या तेलाची कुपी हातात धरून बघत होती.

"कुठली औषधं चालू आहेत?"

"तुमचीच," ती म्हणाली.

"माझी?"

"झडप तुम्हीच बसवलीत, डॉक्टरसाहेब. रक्त पातळ करायची गोळी."

"आणि ती बघतं कोण?"

"तुम्ही."

डॉक्टरांनी काउंटरकडे पाहिलं. काउंटरवरच्या बाईंनी कॉम्प्युटरकडे पाहिलं.

"शेवटचं रक्त कधी तपासलं? अंगावर कुठे डाग उठलेत? डोकं दुखतं का?"

"नाही, तसं काही—" बायकोने सुरुवात केली.

"त्यांना बोलू द्या," डॉक्टर म्हणाले.

तोंड रिकामं होतं, सगळे आपल्याकडे बघताहेत आणि मधे कुणी बोलत नाही, असा प्रसंग मौनीवर पूर्वी आलेला नव्हता. पहिलं अक्षर जुळायला वेळ लागला. डॉक्टर थांबले.

"दंडावर डाग आहेत," तो म्हणाला. "मांडीवर आहेत. पाठीवर असतील, मला दिसत नाही. दाढीचा ओरखडा दुपारपर्यंत वाळत नाही. हिरड्यांतून येतं. सकाळी संडासला काळं होतं. दातांच्या गोळ्या घेतल्या, त्यानंतर जास्त झालं. आणि कालपासून डोकं दुखतंय. आत, इथे. मी हिला सांगितलं."

"मला?" बायको म्हणाली. "कधी?"

"काल दुपारी. मी 'हं' म्हटलं, तू चहा दिलास."

आजींना हसू आलं, ते त्यांनी पदरात दाबलं. बायकोला आलं नाही. तिने कुपी बाकावर ठेवली, ती कलंडली आणि सायीच्या रंगावर तेलाचाही डाग पडला. त्याकडे कुणीच पाहिलं नाही. डॉक्टरांनी हाक मारली, चाकांची खुर्ची आली, आणि मौनीला तिच्यात बसवून नेलं. जाता जाता त्याने खुर्चीच्या बैठकीवरून हात फिरवला. रेक्झिन फाटलं होतं.

रक्ताचा अहवाल त्या दिवशी कुणाच्या फोनची वाट बघत बसला नाही. प्रयोगशाळेतला मुलगाच धावत आला. आकडा लिहिलेला नव्हता. मशीनला मोजता येतो त्याच्या पलीकडे गेला होता. डोक्याचं चित्र काढलं, त्यात मेंदूच्या कडेला नखाएवढा ओघळ दिसला. नुकताच सुरू झालेला. आणखी एक-दोन दिवस तो बाक ठोकत राहिला असता तर, डॉक्टर म्हणाले, आणि वाक्य तिथेच सोडलं.

पुढचे दिवस अवघड होते. रक्त घट्ट तर करायला हवं, पण एकदम घट्ट झालं तर झडपेवर गुठळी धरणार. म्हणून उतारा बेताबेताने द्यायचा, दर थोड्या वेळाने रक्त काढून बघायचं, पुन्हा द्यायचा. मौनी डोळे मिटून पडून असे. बायको खाटेशेजारच्या स्टुलावर बसे. ती डॉक्टरांना एकही उत्तर देत नसे. "काय होतंय त्यांना?" विचारलं की मौनीकडे बोट दाखवी. खोलीत कुणी नसलं की ती वाकून त्याच्या छातीला कान लावी आणि टिकटिक ऐकून पुन्हा ताठ बसे.

"अगं, बोल की काहीतरी," एकदा डोळे न उघडता तो म्हणाला.

"तुम्ही बोला. मी इतकी वर्षं दोघांचं बोलले, त्यातलं निम्मं चुकीचं."

"निम्मं नाही."

"मग?"

"स्प्रिंगांचं बरोबर असायचं."

तिने त्याच्या उशीची खोळ उगाच ओढून सारखी केली. "आणि खिळेवाल्याला तुम्ही काय म्हणाला होतात तेव्हा?"

"काही नाही. नुसतं 'हं' म्हणालो होतो. तुझं वाक्य चांगलं होतं, म्हणून राहू दिलं."

ओघळ थांबला. आकडा मोजण्याच्या टप्प्यात आला, मग उतरत उतरत जिथे असायला हवा तिथे. विभागाने दरम्यान चौकशी केली, देखरेखीत त्रुटी कुठे राहिली याची. चौकशीअंती असं आढळलं की संबंधितांपैकी प्रत्येकजण, दुसरा कुणीतरी बघतो आहे, यावर लक्ष ठेवून होता. मोठे डॉक्टर स्वतः खाटेपाशी येऊन हे सांगून गेले. सांगताना त्यांची मान खाली होती, आणि ते त्यांच्यासारख्या उंच माणसाला सोपं गेलं नसणार. दर महिन्याचा आकडा आता मी स्वतः पाहीन, तुम्ही मलाच विचारायचं, असंही म्हणाले. खिळे तोंडात धरायचे नाहीत, हे त्यांनी जाता जाता सांगितलं. बायकोने ते ऐकलं.

मौनी घरी आला तेव्हा तिने मनगटपट्टा शिवून ठेवला होता. जाड कापडाचा, आत चपटा चुंबक, वरून दुहेरी शिलाई. चुंबक खिळेवाल्याने दिला होता. पेल्यातले खिळेही त्याने धुऊन पुसून पाठवले होते. खिळे पट्ट्यावर उभे राहत, हातोडीने तिथूनच उचलता येत. पहिले काही दिवस काम मंद झालं. जीभ सवयीने खिळा शोधत तोंडात फिरे आणि तिला काही सापडत नसे. मग तिला दुसरं काम सापडलं.

"हा सोफा आमच्या आजोबांचा. इतकी वर्षं झाली, पण हललेला नाही."

"आजोबा बसले नसतील कधी," मौनी म्हणाला.

गिऱ्हाईक दचकलं. बायको मशीनवरून म्हणाली, "ते म्हणताहेत—" आणि थांबली, कारण ते काय म्हणाले ते सगळ्यांना ऐकू गेलं होतं.

इतक्या वर्षांचं साठलेलं बाहेर यायला लागलं. तो गिऱ्हाइकांना लाकडाबद्दल सांगे, खिळेवाल्याला खिळ्यांबद्दल, घरच्या डॉक्टरांना रक्ताबद्दल. जुनी गिऱ्हाइकं आली की त्यांना त्यांच्या जुन्या सोफ्यांबद्दल त्या वेळी आपण मनात काय काय म्हणालो होतो ते क्रमाने सांगे. बायको मशीनचा वेग वाढवून पाहत असे. मौनी आवाज वाढवी. "पट्टा परत घेऊ का?" ती विचारी. पण दुपारी तो बोलता बोलता थांबला की मशीनही थांबे आणि ती मान वळवून बघे. मग तो म्हणे, "डोकं नाही दुखत. धागा ओवतोय." मशीन पुन्हा चालू होई.

महिन्याच्या महिन्याला तो रक्त द्यायला जाऊ लागला आणि अहवालाच्या वेळी काउंटरसमोरून हलेनासा झाला. आकडा किती? सरांनी पाहिला का? मग कधी पाहणार? मागच्या वेळेपेक्षा चढला की उतरला? माझा नंबर तुमच्याकडे कुठला आहे, वाचून दाखवा बरं. आता जरा उलटा वाचा. काउंटरवरच्या बाई वाचून दाखवत. बाकावर बसलेले रुग्ण ऐकत आणि त्यांच्यापैकी एखादा उठून रांगेत त्याच्यामागे उभा राही, आपला नंबर कुठला आहे ते विचारायला. बाकाचं राहिलेलं काम मौनीने नंतर पूर्ण केलं होतं. ठिपक्यांची बाजू बदलून दिली, तेलाचा डाग मात्र कापड पुरलं नाही म्हणून राहिला, आणि सगळे तेवढी जागा सोडून बसत.

वर्षाच्या शेवटी जुनं कार्ड भरलं, म्हणून बाईंनी नवं केलं. वरचा मजकूर त्यांनी नियमाप्रमाणे जुन्यावरून जसाच्या तसा उतरवला: बैठे काम, स्वभावाने मितभाषी, विचारल्याखेरीज काही सांगत नाही, तक्रार नाही. जेवणाच्या सुट्टीआधी एवढंच काम हातावेगळं करून डबा उघडावा, असा त्यांचा विचार होता. कार्ड त्यांनी खिडकीतून मौनीच्या हातात दिलं, आणि मौनीने ते उजेडात धरून वाचायला सुरुवात केली.

बाईंचं जेवण गार झालं.